चेटकिणीची हनुवटी

घरात तिला सूनबाई म्हणत, प्रकाशनाच्या कार्यालयात बाई म्हणत, आणि वाचनालयाच्या बालविभागातली पोरं तिला सरळ चेटकीणबाई म्हणत. या तिसऱ्या नावाचा तिला मनातून फार अभिमान होता. बावीस वर्षं ती जुन्या परीकथांच्या चित्रकादंबऱ्या करत होती. तिच्या राजकन्या कशाबशा जमायच्या, राजपुत्र तर कपड्यांच्या दुकानातल्या पुतळ्यासारखे हात लोंबकळत उभे असायचे, पण चेटकीण काढावी तर हिनेच, हे तिचे शत्रूसुद्धा मान्य करत. शत्रू तसा एकच होता, आणि तो तिचा संपादक होता. “फक्त एक छोटा बदल,” असं म्हणून तो अख्खं प्रकरण फिरवायला लावायचा, म्हणून कार्यालयात त्याचं नावच छोटाबदल पडलं होतं.

तिची खरी गोची अशी होती की तिला मनाने काही काढता यायचं नाही. समोर माणूस हवा. त्यामुळे लग्न झाल्यापासून तिचा नवरा सहा वेळा राजा, चार वेळा लाकूडतोड्या आणि एकदा गाढव झाला होता. गाढवाबद्दल त्याने तिला अजून माफ केलेलं नाही. आणि सगळ्या चेटकिणी म्हणजे तिच्या सासूबाई.

पहिल्यांदा विचारताना तिची जीभच टाळ्याला चिकटली होती. सासूला चेटकीण व्हायला सांगायचं कसं? सासूबाई टेलिफोन एक्सचेंजमध्ये चौतीस वर्षं “जरा थांबा हं” म्हणून निवृत्त झालेल्या. एका जागी तासन् तास बसायची त्यांना सवयच होती. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “बसते की. पण नाक चांगलं लांब कर. कंजूषपणा नको.” तेव्हापासून खिडकीजवळची लाकडी खुर्ची त्यांची झाली. पुस्तक छापून आलं की त्या ते पिशवीत टाकून बाजारात जायच्या आणि भाजीवालीला दाखवायच्या, “ही मी. हीपण मी. आणि इथे बघ, मला विहिरीत ढकललंय.” भाजीवाली घाबरून दोन लिंबं जास्त घालायची.

असं करत करत दहावी चेटकीण आली. गोष्ट जुनी होती. चेटकीण एका मुलाचा ससा करते, आणि त्याची धाकटी बहीण त्याला सोडवायला तिच्याकडे कामाला राहते. जुन्या गोष्टीत एकच वाक्य होतं: मुलीने सात वर्षं चाकरी केली. लिहिणाऱ्याचं काय जातं, लिहून मोकळा. चित्रात मात्र ती सात वर्षं पानापानांतून दाखवावी लागतात. मुलीचा झगा आखूड होत जातो, वेणी लांब होते, तिचा हात हळूहळू वरच्या फळीपर्यंत पोचतो. चेटकीण मात्र जशीच्या तशी. चेटकिणीला वय नसतं, गोष्टीची सगळी भीती त्यातच आहे. बाईने या बहात्तर पानांवर दीड वर्ष डोळ्यांत तेल घालून काम केलं. जेवणही टेबलावरच, एका हातात घास आणि दुसऱ्या हातात निब. सासूबाई आपलं ताट घेऊन आपल्या खोलीत जायच्या. “तू तुझं कर गं, माझं मी बघते,” असं म्हणायच्या, आणि सुनेला ते फार सोयीचं वाटायचं.

पुस्तक छापायला जाण्याआधी या प्रकाशनात एक पद्धत होती. पानांच्या झेरॉक्स टाचून वाचनालयातल्या दहाबारा मुलांना वाचायला द्यायच्या, आणि जिने पुस्तक केलं तिने मागच्या बाकावर तोंडाला कुलूप लावून बसायचं. काही समजावून सांगायचं नाही. मुलं कुठे रेंगाळतात, कुठे भराभर पुढे जातात, तेवढं वहीत टिपायचं. त्या शनिवारी सकाळी बाई अशीच बसली होती. शेजारी छोटाबदल पेन्सिल चावत होता. सुरुवात झकास झाली. सशावर मुलं हळहळली, चेटकीण दारात उभी राहिली तेव्हा दोघं चक्क एकमेकांना चिकटली. मग चाळिसाव्या पानाच्या सुमारास एक दोन वेण्यांची मुलगी मागची पानं उलटायला लागली. पुढे जायचं सोडून मागे.

“काय शोधतेस गं?” ग्रंथपालबाईंनी विचारलं.

“चेटकीण आजारी आहे का?”

“का बरं?”

“बारीक झालीय. इथे बघा, आणि आता इथे बघा. हिला कुणी जेवायला देत नाही का?”

मग सगळीच मुलं मागेपुढे पानं उलटायला लागली आणि एकमत झालं की चेटकीण आजारी आहे. शेवटी ससा पुन्हा मुलगा झाला, भावंडं घरी निघाली, तर एकानेही टाळी वाजवली नाही. दोन वेण्यांची मुलगी म्हणाली, “तिला अशी आजारी टाकून जातात? मला नाही आवडली ही मुलगी.”

बाहेरच्या पायऱ्यांवर छोटाबदलने घसा साफ केला. “बाई, फक्त एक छोटा बदल. शेवटच्या तीस पानांत चेटकिणीला जरा गाल द्या. तीन आठवड्यांनी छापायला जायचंय, तेवढ्यात होईल.”

बाईचा पारा चढला. “माझी चेटकीण कुठेही बदललेली नाही! बावीस वर्षांत एक रेघ इकडची तिकडे झालेली नाही. मी समोर बघून काढते. जे दिसतं तेच...”

आणि बोलता बोलता तिला खिडकीजवळची खुर्ची आठवली. छोटाबदल वाट बघत राहिला. ती तशीच पायऱ्या उतरून घरी निघाली, पिशवी बाकावर विसरून.

घरी सासूबाईंचा डोळा लागला होता. तिने कपड्यांची दोरी घराच्या लांबट पॅसेजमध्ये बांधली आणि जिथे जिथे चेटकिणीचा चेहरा समोरून होता ती पानं चिमट्यांनी ओळीत लावली. मग मोजायला कर्कटक घेतलं. डोळ्यांमधलं अंतर सगळीकडे तेच होतं, हाताला सवय होती. पण नाकाचं टोक आणि हनुवटी यांच्यातलं अंतर दर आठदहा पानांनी कमी होत गेलं होतं. गाल आत गेले होते. गळ्याची हाडं पाचव्या पानावर नव्हती, अडतिसाव्यावर होती, सत्तराव्यावर मोजता येत होती.

दीड वर्ष रोज दोनतीन तास ती या चेहऱ्याकडे बघत होती. डोळ्यांखाली काळं आलं तेव्हा तिने खूश होऊन जाड निब लावली होती. गाल बसले तेव्हा तिने स्वतःच्या तोंडाने म्हटलं होतं, “आई, आज काय छान दिसताय!” बघण्यावर पोट भरणारी बाई ती, आणि घरातलं माणूस डोळ्यांदेखत झिजलं ते तिला दिसलं नाही, कारण तिला समोर फक्त चेटकीण दिसत होती. परक्या पोरीने झेरॉक्सवर बघून सांगितलं तेव्हा कळलं. तिला स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटली.

सासूबाई उठल्या तशी ती त्यांच्यासमोर जाऊन बसली. “आई, तुम्ही दुपारी काय जेवता?”

“जेवते की.”

“काय जेवता?”

“अगं, जेवते म्हणजे जेवते. पोलिसात लागलीस का?”

“आई, माझी शपथ आहे.”

सासूबाईंनी खिडकीबाहेर बघितलं. अंगणात शेजारणीचा कुत्रा पहुडला होता. वर्षभरात तो नगाऱ्यासारखा झाला होता, आणि शेजारीण सगळ्यांना सांगत होती की त्याचं हाडच मोठं आहे. सुनेनेही तिकडे बघितलं आणि तिला ताट कुठे जात होतं ते कळलं.

“चहात पाव बुडवून खाते,” सासूबाई म्हणाल्या. मग त्यांनी तोंडातली कवळी काढून रुमालावर ठेवली. हिरड्या लाल झाल्या होत्या. कवळीशिवाय त्यांचं बोलणं फुसफुसत यायला लागलं. “सैल झालीय. चावलं की टोचते.”

“कधीपासून?”

“झालं की वर्ष. जास्तच.”

“मग सांगायचं नाही का! नवी करून आणली असती!”

“आणि तोंड बदललं असतं त्याचं काय? खालच्या मजल्यावरच्या शिक्षिकाबाईंनी नवी कवळी बसवली तर त्यांचा मुलगा स्टेशनवर त्यांना न ओळखताच ओलांडून पुढे गेला. तूच पहिल्या दिवशी बजावलंस ना, आई, मुलगी मोठी होईल पण चेटकीण तशीच राहील, पुस्तक होईपर्यंत काही म्हणता काही बदलू नका. म्हटलं, या वयात एवढं एकच काम होतंय आपल्याकडून. ते तरी नीट करावं.”

“मी केसांबद्दल म्हणाले होते, आई! तुम्ही केस कापायला निघाला होतात.”

“असं होय,” सासूबाई म्हणाल्या. आणि केसांवरून हात फिरवत, “मग तसं स्पष्ट सांगायचं.”

सुनेला रडू आवरेना. सासूबाईंनी रुमाल पुढे केला, मग त्यावर कवळी आहे हे लक्षात आल्यावर पदर पुढे केला. “पूस नाक. आणि आज पोरं काय म्हणाली ते सांग.”

“म्हणाली, चेटकीण बिचारी आहे.”

“बिचारी?” सासूबाई ताठ बसल्या. “मला बिचारी म्हणाली? आजवर कुणाची छाती झाली नव्हती!”

नवऱ्याला कळलं तेव्हा तो आधी आईवर ओरडला, मग बायकोवर, आणि मग स्वतःही त्याच घरात राहतो हे आठवून गुपचूप रजेचा अर्ज लिहायला बसला. डॉक्टरांनी वजन केलं तर नऊ किलो कमी. कवळीचं ऐकून ते “असेल, असेल” म्हणाले, पण या वयात एवढं वजन उतरलं की दुसरंही काही बघावं लागतं, म्हणून त्यांनी रक्त घेतलं, पोटाचे फोटो काढले. रिपोर्ट चार दिवसांनी येणार होते. त्या चार दिवसांत बाईने निबेला हात लावला नाही. ती स्वयंपाकघरात भाज्या शिजवून गाळत राहिली आणि वाटी घेऊन सासूबाईंच्या मागे मागे फिरत राहिली. “लहान पोर आहे का मी,” असं म्हणत सासूबाई वाटी संपवायच्या. रोज संध्याकाळी बाई पॅसेजमधली ती ओळ बघायची. पानं काढून ठेवायचा तिला धीर होत नव्हता.

पाचव्या दिवशी डॉक्टरांनी कागद उलटेपालटे केले आणि चष्मा काढला. “काही नाही. यांना खायला घाला. आणि आधी दात करा.” बाईने दवाखान्यातूनच छोटाबदलला फोन लावला.

“पुस्तक या वर्षी होणार नाही,” ती म्हणाली.

“अहो बाई, शेवटची तीस पानं फक्त...”

“तीस नाही, बहात्तर. चेटकीण पहिल्या पानापासून पुन्हा काढणार. नव्या तोंडाची. ते तोंड व्हायला वेळ लागेल, आणि त्यावर गाल यायला आणखी वेळ लागेल. तुम्हाला दुसरं कुणी बघायचं असेल तर बघा.”

पलीकडून तो म्हणाला, “आईंना काय झालंय?” तिने सांगितलं. तो माणूस, ज्याने बावीस वर्षांत एकही पान जसंच्या तसं घेतलं नव्हतं, म्हणाला, “बाई, गाल येऊ द्यात. मी छपाईवाल्याचं बघतो.” शत्रू म्हणून तो तिथे कायमचा बाद झाला.

नवी कवळी बसायला दीड महिना लागला. मापं झाली, मेणाचा साचा झाला, हिरड्या बऱ्या व्हायची वाट बघून झाली. घरी आल्यावर सासूबाईंनी आरशात पाहिलं. ओठ भरून आले होते, हनुवटी पुढे आली होती. त्यांना ते फारसं पसंत पडलं नाही. “सभ्य दिसतेय अगदी,” असं म्हणून त्यांनी तोंड वाकडं केलं.

त्या दुपारी सुनेने जेवणाच्या टेबलावरचे शाईच्या बाटल्यांचे ठसे घासून काढले आणि दोन ताटं मांडली. सासूबाई सवयीने आपलं ताट उचलायला गेल्या, तर तिने त्यांचा हात धरून त्यांना खुर्चीवर बसवलं. भात होता, भाजी होती, कच्च्या गाजराचे काप होते. सासूबाईंनी पहिला काप भीतभीत तोंडात घातला. जरा थांबल्या. मग कडकन आवाज आला. त्यांनी दुसरा उचलला. त्या एकेक घास सावकाश, जपून चावत होत्या, दीड वर्षाने भेटलेल्या माणसाशी बोलावं तशा. सुनेचा भात गार होत होता. ती कोपरं टेबलावर टेकवून समोरच्या चेहऱ्याकडे बघत होती.

“अशी काय बघतेस?” सासूबाईंनी विचारलं. “काढायचंय का? मग नीट बसते.”

“काढायचं नाहीये, आई. तुम्ही जेवताय ते बघतेय.”

सासूबाई चावायच्या थांबल्या. त्यांनी सुनेकडे पाहिलं, मग आपल्या ताटाकडे पाहिलं, आणि ताट पुढे सरकवलं.

“मग नुसती बघतेस काय,” त्या म्हणाल्या, “वाढ की अजून.”