पिक्चरवाले आणि कुंडलिकची सावड

२०२२ साल. दिवाळी होऊन गेली होती, थंडी सुरू झाली होती, कापसाची वेचणी चालू होती. तेव्हा आमच्या गावात, कुंभार पिंपळगावच्या अलीकडे, पिक्चरवाले आले. ते गेले, किस्से राहिले. हॉटेलात एकानं एक काढला की दुसरा आपोआप निघतो.

पिक्चरची गोष्ट अशी : म्हातारा फौजी गावी येतो आणि ज्या दोस्ताचं वाईट केलं त्याची माफी मागतो. हे ऐकून आमच्या कुंडलिकनं चहाचा कप खाली ठेवला. "माझ्या घरचं ह्यांना कोणी सांगितलं?"

कुंडलिक गावचा खरा फौजी. तरुणपणी त्याचा दोस्त किसननं कुंडलिकच्या शेतात दिवसभर कापूस वेचला. दुसऱ्या दिवशी कुंडलिकनं किसनकडं यायचं, अशी सावड ठरलेली. हा पठ्ठ्या न सांगता भरतीला गेला! किसनचा कापूस पावसात भिजला. पेन्शन घेऊन कुंडलिक परत आला, तरी दोघं बोलत नव्हते. हॉटेल एक, तोंडं दोन दिशांना.

*

हिरोच्या छातीवर बिल्लेच बिल्ले. कुंडलिकनं विचारलं, "साहेब, हे कोणत्या लढाईचे?"

"ते ड्रेसवाल्याला माहीत!"

दुसऱ्या दिवसापासून कुंडलिक ड्रेसवाल्यालाच सॅल्यूट ठोकू लागला.

*

मला गर्दीत उभं केलं. डायरेक्टर म्हणाला, "काका, फौजी आला की रडा."

मी म्हणालो, "बापाच्या मयतीला रडलो न्हाई. तुझ्या पिक्चरला रडू का?"

मला शेवटच्या रांगेत नेलं. तिथंही मी रडलो नाही.

*

कापूस वेचायचा सीन किसनच्या शेतात होता. किसन खूश. हिरो फुकटात वेचणी करणार! पण सीन बिघडला की पिक्चरची पोरं वेचलेला कापूस परत बोंडांत खोचायची. किसन ओरडला, "अरे, वेचलेला कापूस झाडाला लावून राह्यले! माझ्या बापानं असली उलटी शेती पाह्यली न्हाई!"

*

मग माफीचा सीन. हिरो हात जोडून म्हणाला, "दोस्ता, मला माफ कर."

बांधावरून किसन म्हणाला, "न्हाई करत!"

कट. परत हिरो, परत किसन. डायरेक्टर वैतागला. "काका, तुम्हाला कोणी विचारलं का?"

"ज्यानं विचारायचं, त्यानं तरी कुठं विचारलं?"

कुंडलिक माझ्या शेजारीच उभा होता. तिथूनच घरी गेला.

*

पिक्चरवाले गेले. सकाळी मी माझ्या शेतात गेलो, तर शेजारी किसनच्या रानात कुंडलिक! कमरेला फडकं बांधून कापूस वेचत होता.

किसन आला. "कोणी बोलावलं तुला?"

"सावड हाय."

किसननं कमरेला फडकं बांधलं. मग शेजारची ओळ धरली. "काडीकचरा येऊ देऊ नको."

"बराबर."

दिवस मावळेपर्यंत दोघं वेचत राहिले. कुंडलिकनं फडकं सोडून कापूस ढिगावर ओतला. किसननं ढिगात हात घातला, एक काडी काढून फेकली.

"फिटली," म्हणाला.