नेहमीचा पत्ता

कोविडच्या दुसऱ्या हिवाळ्यात माझं आयटीचं कॉन्ट्रॅक्ट संपलं आणि मी जनगणनेचं तात्पुरतं काम धरलं. ज्या घरातून फॉर्म आला नाही त्याचं दार वाजवायचं, मास्क लावून दोन पावलं मागे उभं राहायचं आणि आठवण करून द्यायची. माझ्या वाट्याला ब्रिस्बेनजवळचं स्प्रिंगफील्ड लेक्स आलं होतं.

एका दारात साठीच्या पुढच्या काकू आल्या, कडेवर नात. माझ्या बिल्ल्यावरचं आडनाव वाचून हसल्या. "म्हणजे तू प्रगणक! मीपण होते गं. शाळेत शिकवायचे ना, जनगणना आली की आम्हा मास्तरांच्याच गळ्यात."

आतून त्यांची लेक लॅपटॉप घेऊन आली. "सॉरी, फॉर्म भरलाय. आई एका प्रश्नावर अडून बसलीये, म्हणून सबमिट केला नाही."

नातीच्या जन्मासाठी काकू सहा महिन्यांकरता आल्या होत्या. मग विमानं बंद झाली, पुढे तिकडे दुसरी लाट आली आणि लेकीनं जाऊ दिलं नाही. काका साताऱ्यात एकटे.

"उत्पन्नापुढे हिनं शून्य टाकलं होतं," काकू म्हणाल्या. "म्हटलं, माझी पेन्शन आहे, ती लिही. ते ऐकलं हिनं. पण नेहमी कुठे राहता, याला इथला पत्ता? माझं रेशनकार्ड साताऱ्यात, माझा माणूस साताऱ्यात!"

नियम मला माहीत होता. सहा महिन्यांहून जास्त जिथे राहिलात, तोच पत्ता. मी तो हळूच सांगितला.

काकू बराच वेळ नातीच्या पाठीवर थोपटत राहिल्या. "मी जनगणनेला फिरायचे तेव्हा एका घरी म्हातारीनं मुंबईला गेलेल्या मुलाचं नाव लिहा म्हणून माझे पाय धरले होते. तो वर्षभर आला नव्हता. नाही लिहिलं मी." मग लेकीकडे न बघताच म्हणाल्या, "लिही. इथलाच लिही."

लेकीनं बटण दाबलं. मी निघाले तर त्यांनी विचारलं, "तुझी आई कुठे?"

"पुण्यात. अडीच वर्षं झाली भेटून."

"फोन करतेस ना?"

"रोज."

"डोक्यावरून हात फिरवला असता तुझ्या," त्या म्हणाल्या, "पण लांब उभं राहायचा नियम आहे ना."

गाडीत बसल्यावर मला माझा स्वतःचा फॉर्म आठवला. त्याच प्रश्नापुढे मी इथला पत्ता क्षणभरही न थांबता लिहिला होता. त्याचं त्या दुपारी फार वाईट वाटलं. पुढची दारं वाजवायची राहिली होती, तरी मी तिथूनच आईला फोन लावला. तिकडे सकाळ होती, ती चहा करत होती. काय झालं, म्हणून घाबरली. काही नाही म्हटलं, आणि भांड्यांचे आवाज ऐकत बसले.

सीमा उघडल्यावर काकू परत गेल्या. इंडियन ग्रोसरीत लेक भेटली तेव्हा तिनंच सांगितलं. म्हणाली, "घर एकदम मोठं वाटायला लागलंय."