गावंडेकाकांचा शेरा

गावंडेकाका व्हिडिओ गेम पाहताना त्यातल्या माणसांकडे पाहत नसत, त्यांच्या कपड्यांकडे पाहत. पडद्यावर तलवारी चालत असोत की एखादा किल्ला कोसळत असो, काका जमिनीवर मांडी घालून, मान किंचित तिरकी करून बसलेले असत आणि मध्येच शांतपणे म्हणत, "ह्याच्या सदऱ्याले वजन नाही. एवढा पळून राह्यला अन् सदरा जागचा हालत नाही. पुठ्ठ्याचा हाय काय?" आम्ही सुरतेत भेस्तानला राहायला आलो त्या पहिल्याच संध्याकाळी समोरच्या उघड्या दारातून मी हे वाक्य ऐकलं. पन्नाशीच्या पुढचा, बनियन आणि लेंगा घातलेला हा माणूस कुणाच्या सदऱ्याबद्दल बोलतो आहे, ते मला कळेना.

काका सचिनच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका प्रोसेस हाउसमध्ये चेकर होते. रंगून, छापून आलेलं कापड उजेडाच्या तिरक्या टेबलावरून सरकत जातं आणि चेकर त्यातली खोट शोधतो. निर्दोष असेल ते फ्रेश, थोडी खोट असेल ते सेकंड, आणि कशाच्याच कामाचं नसेल ती चिंधी. तीस वर्षं त्यांनी हेच केलं. मूळचे ते दर्यापूरकडचे. इतकी वर्षं सुरतेत काढूनही त्यांची वऱ्हाडी तशीच होती, फक्त तिच्या काठाला थोडी गुजराती लागली होती.

त्यांच्या घरी व्हिडिओ गेमचा कन्सोल कसा आला, ते मला त्यांच्या मुलीनं, अश्विनीनं सांगितलं. ती रिंग रोडवरच्या कापड मार्केटमध्ये एका ऑफिसात कॉम्प्युटरवर काम करायची. आई गेल्यानंतर घरात बापलेक दोघंच उरले आणि दोघांचं बोलणंच संपलं. सकाळी डबा, संध्याकाळी जेवण, मध्ये काही नाही. त्या शांततेला कंटाळून तिनं एका ओळखीच्या मुलाकडून त्याचा जुना कन्सोल घेतला. काका पहिले तीन महिने टीव्हीकडे पाठ करून बसत. मग एके दिवशी त्यांनी सहज मान वळवली आणि पडद्यावरच्या शिपायाच्या अंगरख्याची चुणी चुकीच्या जागी पडते म्हणून सांगितलं. अश्विनीनं गेम थांबवून नीट पाहिलं. खरंच चुकीच्या जागी पडत होती. "आई गेल्यावर बाबा माझ्याशी आपणहून बोलले ते हे पहिलं वाक्य," ती म्हणाली होती.

तेव्हापासून ते दोघं रोज संध्याकाळी त्या कन्सोलपुढे बसू लागले. ती खेळायची, हे पाहायचे. काका त्याला 'डब्बा' म्हणत. स्वतः त्यांनी रिमोट कधीच हातात घेतला नाही. "चेकरनं माग चालवू नाही," असं ते म्हणत. "मंग त्याले सोताच्या कापडाची माया येते."

दिवाळीत गिरण्या बंद होतात आणि सुरतेचं वर्ष तिथं संपतं. पाडव्याला आमच्या चार मजली इमारतीत सगळे एकमेकांकडे 'साल मुबारक' म्हणत फिरायचे आणि शेवटी गावंडेकाकांच्या खोलीत जमायचे, कारण त्या दिवशी काका डब्ब्याच्या सालाचा शेरा देत. तळमजल्यावरच्या हंसाबेन चहाचा कप हातात घेऊन विचारत, "तो बोलो काका, डब्बानुं साल केवुं गयुं?" मग अश्विनी वही उघडायची. त्या कन्सोलवर वर्षभरात काय काय आलं, त्यांनी कुठले गेम पूर्ण खेळले, कुठले अर्ध्यात सोडले, सगळं तिनं लिहिलेलं असायचं.

काकांचे प्रश्न ठरलेले असत. "कोरा माल किती? अन् जुनाच धुऊन इस्त्री करून आणलेला किती?" जुने गेम नव्यानं रंगवून पुन्हा विकतात, त्याला ते इस्त्रीचा माल म्हणत. अर्धवट गेम विकायला काढून नंतर इंटरनेटवरून दुरुस्त्या पाठवण्याची रीत तर त्यांना अजिबात मंजूर नव्हती. "आंधी गिऱ्हाइकाले सदरा द्याचा अन् बाही मागून पाठवाची. हे कोणतं दुकान हाय?" सगळं ऐकून ते उजव्या हाताचा तळवा मांडीवरून कापडावर फिरवल्यासारखा फिरवत आणि एकच शब्द बोलत. एका वर्षाला त्यांनी फ्रेश म्हटलं होतं, दोनदा सेकंड, आणि ज्या वर्षी नुसता इस्त्रीचाच माल आला त्याला चिंधी. दिलेला शेरा ते बदलत नसत. कुणी वाद घातला तर म्हणत, "हाय ते हाय."

मी गोडादऱ्याच्या मराठी शाळेत शिक्षिका. मुलांच्या प्रगतिपुस्तकावर शेरे लिहिण्यात माझंही आयुष्य चाललं होतं, त्यामुळे या माणसाचा ठामपणा मला आवडायचा. थोडा हेवाही वाटायचा.

ज्या पाडव्याची मी गोष्ट सांगते आहे, त्या वर्षी अश्विनी फार खुशीत होती. तिच्या मते त्या कन्सोलला इतकं चांगलं साल पूर्वी कधी लाभलं नव्हतं. वहीची पानं भरली होती. त्यात एक गेम तिचा फार लाडका होता. वाळवंटातून घोड्यावर एकटी निघालेली एक बाई, तिच्या खांद्यावर लाल शेला. त्या शेल्यासाठी मीसुद्धा चारदोन संध्याकाळी त्यांच्याकडे जाऊन बसले होते. त्या वर्षाचा आढावा लिहून तिनं पुण्याच्या एका कंपनीकडे पाठवला होता आणि गेम तपासायच्या नोकरीसाठी त्यांनी तिला बोलावलं होतं. हे ती वडिलांना शेरा झाल्यावर सगळ्यांसमोर सांगणार होती. मला तेवढं आधी माहीत होतं.

काकांनी तळवा फिरवला आणि म्हणाले, "सेकंड."

खोलीत कुजबुज झाली. अश्विनीचा चेहरा उतरला. "का बाबा?"

"रंगात दम नाही. सारं धुवट. पांढरं हाय ते पिवळं दिसते. त्या घोडेवालीचा शेला पाह्य, विटलेला."

"बाबा, तुम्ही नीट पाहिलंच नाही."

"तीस वर्षं पाहाचाच पगार खाल्ला म्या," काका म्हणाले. आवाज चढवला नाही. अश्विनी वही मिटून आत गेली. पुण्याची बातमी तिच्या तोंडातच राहिली.

मी फराळाचं ताट पुढे केलं. काकांनी माझ्याकडे पाहिलं आणि विषय बदलावा म्हणून हसून म्हणाले, "काऊन बाई, यंदा दिवाळीले जुनीच साडी काढली? रंग उडाला तिचा." बायका हसल्या. साडी त्याच सकाळी घडी मोडलेली होती, गडद राणी रंगाची. मग काकांनी चकली घ्यायला हात पुढे केला आणि तो ताटाच्या बाजूला, सतरंजीवर पडला. आतल्या दारात उभी असलेली अश्विनी ते पाहत होती. ती हसली नाही.

दिवाळीची सुट्टी संपताच ती त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला होता आणि त्याच्यामागे काचबिंदूही होता. मोतीबिंदू काढता येईल, रंग परत दिसतील, पण काचबिंदूनं बाजूची जी नजर नेली ती परत येणार नाही आणि उरलेलीही पुढे किती टिकेल ते सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. महिन्याभराच्या आत दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं झाली.

डॉक्टरांनी टीव्ही पाहायला परवानगी दिली त्या संध्याकाळी काकांनी अश्विनीला तोच गेम लावायला सांगितला. मी सूप घेऊन गेले होते. वाळवंट आलं, घोडा आला, वाऱ्यावर तो लाल शेला उडाला. काका पुढे सरकले.

"हा लाल तवाबी असाच होता?"

"असाच होता बाबा."

त्यांनी पुन्हा विचारलं, "असाच?" अश्विनीनं नुसती मान हलवली. ते बराच वेळ त्या शेल्याकडे पाहत राहिले. मग उठून सदरा घातला आणि चारही मजल्यांवर प्रत्येक दार वाजवून सांगून आले, "साल फ्रेश होतं. खोट माह्या डोयात होती." लोकांना गंमत वाटली. हंसाबेन त्यांना लाडू दिल्याशिवाय सोडेनात. काका मात्र हसत नव्हते. सगळ्यात शेवटी ते आमच्याकडे आले आणि खुर्चीच्या काठावर बसले.

"बाई, तुमी गोडादऱ्याले जाता न रोज? मले तिथं एका माणसाच्या घरी जाचं हाय. एकट्यानं जमत नाही आता."

मग त्यांनी सांगितलं. दिवाळीपूर्वीच्या चार महिन्यांत त्यांनी रंग फिका म्हणून कापडाचे कितीतरी ताके सेकंडात काढले होते. त्यातले बहुतेक एकाच मशीनवर रंगले होते. मशीन चालवणारा भिला, खानदेशातला माणूस. त्याला मशीनवरून काढून गाठोडी उचलायच्या कामावर टाकलं होतं. "शेला विटला नव्हता, त मंग त्याचे ताकेबी विटले नसतील," काका म्हणाले. "मी त्याले काय तोंड दाखवू?" पण तोंड दाखवायलाच त्यांना जायचं होतं.

रविवारी आम्ही गेलो. शेजारच्या खोल्यांतून मागांचा खडखडाट येत होता. भिलाभाऊ दारात बसून दाढी करत होते. काकांनी उभ्यानंच सगळं सांगितलं, काही मागे ठेवलं नाही. भिलाभाऊंनी वस्तरा खाली ठेवला. अर्ध्या गालावर साबण तसाच होता.

"मी सांगी सांगी थकनू, काका, रंग बराबर से म्हणीसन," ते म्हणाले. "तुमी मनाकडे देखं बी नही."

"नाही पाह्यलं," काका म्हणाले.

"गाठोडी उचली उचली आते मना खांदा गया. आते काय उपेग?"

भिलाभाऊंच्या बायकोनं आतून पाणी आणलं. काकांनी ते घेतलं, पण बसा असं कुणी म्हणालं नाही आणि आम्ही बसलो नाही. परत येताना रिक्षात काका एवढंच म्हणाले, "बाई, मले एक अर्जी लिहून द्या."

अर्ज मी हिंदीत लिहिला. त्या चार महिन्यांतला आपला एकही शेरा धरू नये, मशीन चालवणाऱ्याची चूक नव्हती, आपली नजर गेली होती, असा मजकूर काकांनी सांगितला. प्रोसेस हाउसच्या मास्तरांनी, म्हणजे त्यांच्या वरच्या साहेबांनी, त्यांना समजावलं की माल केव्हाच विकला गेला, आता कशाला उकरता, नोकरीची तीन वर्षं राहिली आहेत ती गपचूप काढा. काकांनी अर्ज परत घेतला नाही. भिलाभाऊंना महिन्याभरानं मशीन मिळालं. काका टेबलावरून उठले ते कायमचे. पुढच्या पाडव्याला त्यांनी भिलाभाऊंना निरोप पाठवला होता, त्याच्या पुढच्याही. ते कधी आले नाहीत. काकांनी त्याबद्दल कधी तक्रार केली नाही.

त्यानंतरच्या दोन पाडव्यांना शेऱ्याची रीत बदलली. काका आधी सगळ्यांना विचारत, तुम्हाला काय दिसलं. हंसाबेनच्या नातवंडांना, मला, शेवटी अश्विनीला. मग तळवा फिरवून शेरा देत आणि पुढे तीन शब्द जोडत, "मले असं दिसलं." आधीच्या 'हाय ते हाय'पेक्षा हे बोलायला त्यांना जड जात असावं, कारण ते म्हणण्यापूर्वी दर वेळी तळवा मांडीवरून आणखी एकदा फिरवत. मलाही त्या सुमारास प्रगतिपुस्तकं लिहायला फार वेळ लागू लागला.

वडिलांच्या ऑपरेशनांच्या धावपळीत पुण्याची ती कंपनी अश्विनीसाठी थांबली नव्हती. दोन वर्षांनी दुसऱ्या एकीनं तिला घेतलं. वडिलांना सोडून जाऊ की नको, असं तिचं चाललं होतं. काकाच म्हणाले, "खोट पाहाचाच पगार देतात म्हणते न ते? मंग जाय. मीबी येतो." तोवर त्यांना समोर मुठीएवढंच दिसत होतं. सामान टेम्पोत चढलं तेव्हा ते खाली कठड्यावर बसून राहिले. मी पाया पडायला वाकले तर चाचपून माझा हात धरला आणि म्हणाले, "बाई, साडी कोणत्या रंगाची हाय?" मी म्हटलं, "हिरवी." ते म्हणाले, "चांगली असंन."

पुण्यात पुढे त्यांची नजर पूर्ण गेली. अश्विनी खेळताना त्यांना सगळं बोलून सांगायची, वारा कुठून येतो, कापड कसं हलतं. गेल्या माघात ते झोपेतच गेले. तिचा फोन आला तेव्हा मी शाळेत होते. मुलांना कविता पाठ करायला सांगून मी व्हरांड्यात जाऊन उभी राहिले.

या दिवाळीला अश्विनी आली. माझ्याकडेच उतरली. पाडव्याला सगळे माझ्या खोलीत जमले. जुनी सवय म्हणून, की तिला बरं वाटावं म्हणून, हंसाबेननी विचारलं, "तो बेटा, डब्बानुं साल केवुं गयुं?"

अश्विनी म्हणाली, "मला नाही सांगता येणार, बेन. ऑफिसातलं काम सोडलं तर यंदा घरी मी तो लावलाच नाही. न पाहता कसं सांगू?"

हंसाबेननी मान हलवली. त्या उठून तिच्या शेजारी जाऊन बसल्या आणि तिचा हात आपल्या मांडीवर घेतला. कुणीच दुसरा विषय काढला नाही.