स्ट्रेचरच्या बदल्यात मोबाईल

“आई, हा स्ट्रोक आहे,” डॉक्टर मला म्हणाले. स्ट्रोक म्हणजे मेंदूच्या नसेत रक्ताची गुठळी अडकणं. आपण लकवा म्हणतो तो. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन असतं, पण ते पहिल्या साडेचार तासांतच देता येतं. तो वेळ निघून गेला, म्हणले.

कसा गेला ते सांगते. उद्या तुमच्यावर अशी पाळी येऊ नये, पण आलीच तर ध्यानात राहील.

आमचे हे हळदीच्या लिलावात बोली पुकारायचे. तुमी कुरुंद्यात बोलले की वसमतला ऐकू जातं, म्हणून मी चिडवायची. त्या दिवशी सकाळी दहाला जेवता जेवता घास हातातून गळाला, तोंड वाकडं झालं. शेजाऱ्याच्या गाडीत घालून मी एकटीच त्यांना मोठ्या दवाखान्यात घेऊन आले.

इमर्जन्सीतल्या डॉक्टरीणबाईंना मी दहाची वेळ सांगितली. त्यांनी सिटीस्कॅन, म्हणजे मेंदूचा फोटो, काढायला लावला. न्यायला स्ट्रेचर पाहिजे, अन् स्ट्रेचर कुलपात! लोक नेतात अन् कुठंबी सोडतात, म्हणून मोबाईल ठेवल्याबिगर द्यायचं न्हाई, अन् स्ट्रेचर परत आल्याबिगर मोबाईल द्यायचा न्हाई, असा तिथला कायदा. अडला हरी! दिला मोबाईल.

फोटो झाल्यावर ह्यांना स्ट्रेचरवरच आत ठेवलं. गर्दी नको म्हणून गार्डनं मला दाराबाहेर बसवलं. दोनदा विचारलं, तर डॉक्टर बोलावतील म्हणला. बसले वाट बघत.

आत ड्युटी बदलली होती. डॉक्टरीणबाई गेल्या, अन् मी सांगितलेली वेळ नव्या डॉक्टरला कुणी सांगितलीच न्हाई. तकलीफ कधी सुरू झाली ते कळल्याबिगर इंजेक्शन देता येत न्हाई. उशीर झालेला असताना दिलं तर मेंदूत रक्त वाहून माणूस दगावतो. डॉक्टर एकटा, पोरगंच ते. समोर ॲक्सिडेंटवाला रक्तात न्हालेला. त्याला सोडून येता येईना, म्हणून केसपेपरवरच्या नंबरला फोन लावून राहिला. अन् माझा फोन तिकडं स्ट्रेचरच्या खोलीत, ड्रॉवरमध्ये वाजून राहिला.

शेवटी तो स्वतःच दारात आला. “आई, किती फोन लावले मी. उचलला का नाही?”

फोन कुठंय ते मी सांगितलं. तो माझ्याजवळ बाकावर बसला, अन् मग स्ट्रोकचं सांगितलं. आधी वाटलं, धरावी त्याची गचांडी. मग त्याच्या बाह्यांवर त्या ॲक्सिडेंटवाल्याचं रक्त दिसलं. पाणी प्यायलाबी उसंत मिळाली नसावी. राग काढावा तरी कुणावर?

म्हणून सांगते, बायांनो. वेळ तोंडपाठ ठेवा, अन् डॉक्टर बदलला की नव्याला, त्यानं विचारायच्या आधीच सांगा. गहाण चप्पल ठेवा, गळ्यातलं ठेवा, फोन ठेवू नका.

जीव वाचला, त्या पोराचे उपकारच. पण ह्यांच्या तोंडात आता एकच शब्द राहिला आहे. काहीबी विचारा, तोच.

परवा भरवताना मी विचारलं, “माझा राग येतो का हो?”

“व्हय.”

घास तसाच हातात राहिला. उलटं विचारून पाहिलं, “न्हाई ना येत?”

“व्हय.”