मावशीची गाठ

काय घडलं ते सांगण्याआधी मावशीचं सांगतो. मावशी नात्याची नव्हे, हाकेची. मखमलाबादच्या शिवारात तिची झेंडूची आणि गिलक्यांची वावरं होती. तिचं माहेर पेठच्या डोंगरातलं, त्यामुळे मधमाश्या तिला लहानपणापासून माहीत. माझ्या घरी मध आला तो तिच्यामुळे.

माझं गाव भंडाऱ्याकडे. सातवीत शाळा सुटली आणि मी सातपूरच्या कारखान्यात लागलो. अर्धवट शिकलेल्या माणसाच्या मनात एक धाकधूक कायम असते. आपलं चुकलं तर नसेल? मशीनवर झालेला एकच जॉब मी तीनदा गेजला लावून माप तपासायचो. कारखान्यात त्याचं कौतुक व्हायचं.

सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णव साल असेल. कारखान्यातला एक सोबती कायमचा गावी परतताना मधमाश्यांसकट पेटी मला देऊन गेला. मी ती खोलीच्या गच्चीवर ठेवली आणि रोज झाकण उघडून बघू लागलो. राणी आहे ना? पोळी नीट आहेत ना? आठव्या दिवशी उघडली तर आत एक माशी नाही.

मावशीकडे मी भाजी घ्यायचो. तिला सांगितलं, तर ती हसतच सुटली.

"अरे, तुझ्या घराचं छप्पर रोज कुणी उचललं, तर तू राहशील का?"

आषाढात तिच्या शेवग्याला माश्यांचा घोस लटकला. तिने निरोप धाडला. पदर डोक्यावरून घेऊन, पाणी शिंपडून, नुसत्या हाताने तिने माश्या माझ्या पेटीत उतरवल्या. पेटी तिच्याच बांधावर ठेवली. मग झेंडूची पोती बांधायची सुतळी झाकणावरून आवळली आणि गाठ मारली.

"ही दसऱ्याला मीच सोडणार. माझी गाठ मी वळखते, सांगून ठेवते."

"पण मावशी, आत काय चाललंय ते कळणार कसं?"

"दारात बस. पायाला पिवळं लावून आत शिरल्या, तर समज आत लेकरं हायेत."

मी रोज दुपारच्या पाळीच्या आधी सायकल मारत जायचो आणि पेटीच्या दारासमोर उकिडवा बसायचो. पराग येत होता, जीव भांड्यात पडत होता. मावशी झेंडूवर औषधसुद्धा संध्याकाळी, माश्या पेटीत परतल्यावरच मारायची. "तुझ्या पावण्यांपायी माझा सैपाक लांबतो," म्हणायची.

भादव्यात चार दिवस झड लागली. पाचव्या दिवशी गेलो तर दारात सामसूम. पेटीला कान लावला, काही ऐकू येईना. गेल्या वेळची रिकामी पेटी डोळ्यांसमोर आली आणि हात गाठीवर गेला. एक पीळ सुटलाही.

"काय करून राहिला रे?" मागून मावशी. माझीच भंडाऱ्याकडची बोली माझ्यावर उलटवलेली.

"मेल्या असतील, मावशी."

"मेल्या असतील तर आजच्या उघडण्यानं जित्या व्हतील? आन् जित्या असतील तर पळतील. दमानं घे. गिलक्याला फूल हाय, उपाशी नाय मरत."

हात मागे घेतला. दोघं बांधावर बसून राहिलो. अकराच्या सुमाराला ऊन पडलं आणि एक माशी दारात आली. मग चार. मग मोजता येईनात. थोड्या वेळाने परतणाऱ्या माश्यांच्या पायांवर पिवळे गोळे होते. मी चिखलातच उभा राहून ओरडलो. मावशी म्हणाली, "हळू रे, भितील त्या!"

दसऱ्याला तिने गिऱ्हाइकांना झेंडू मोजून दिला, हात धुतले आणि गाठ सोडली. आत सगळ्या चौकटी भरलेल्या होत्या. मधोमध पिल्लांची घरं, वरच्या अंगाला पांढऱ्या मेणाखाली मध. राणी तिनेच बोट करून दाखवली. मी एकदाच बघितलं आणि झाकण लावलं. दुसऱ्यांदा बघावंसं वाटलंच नाही. जन्मात पहिल्यांदा.

त्या मधाची बाटली दिवाळीला गावी नेली. आई गल्लीभर सांगत फिरली, "माझ्या पोरानं माश्या पाळल्या."

पुढे एका पेटीच्या सहा झाल्या. मावशीच्या वावरावर आता इमारती आहेत आणि ती लेकाकडे लासलगावला असते. परसात चार झेंडू लावलेत म्हणे. माश्या मात्र नाहीत. माझ्या सहातली सर्वांत भरलेली पेटी एक दिवस त्या झेंडूंशेजारी नेऊन ठेवीन, मावशी. सुतळीही आणीन. गाठ तेवढी तुम्ही मारा.