हमी कुणाची

शिवारात उसाचं पाचट पेटलं की त्या धुराच्या वासानं मला सोलापूरचं कोर्ट आठवतं. शेजाऱ्याच्या धाकट्या भावानं आमची कडब्याची गंज पेटवली होती आणि गंजीजवळ बांधलेल्या दोन शेळ्या होरपळून मेल्या होत्या. तो तिशीचा, पण समज लहान पोराची. माढ्याच्या कोर्टानं त्याला कैद सुनावली, तेव्हा थोरल्यानं शिक्षा कमी व्हावी म्हणून सोलापुरात अपील केलं. आमच्याशी बांधावरून भांडणाऱ्या थोरल्याची ही माया मला खरी वाटेना. धाकट्याचं वेडेपणही मला शिकवलेलं सोंगच वाटायचं. सुनावणीच्या दिवशी कोर्टाच्या उकाड्यानं भरलेल्या व्हरांड्यात धाकटा मला बघून हसला. "वैनी, दादा म्हनला पेटव. लई मोटा जाळ झाला की!" थोरल्यानं लगेच त्याचा दंड दाबला, "गप बस." आत डॉक्टरांचा दाखला वाचून झाला आणि जजसाहेब त्याला थोरल्याच्या हमीवर सोडायला निघाले. मी उभी राहिले. "साहेब, त्याला सोडा, पन ह्याच्या हवाली करू नका. काडी कुणी वडायला लावली ते इचारा." साहेबांनी विचारलं. धाकटा थोरल्याच्या तोंडाकडं बघत राहिला. थोरल्याचा गुन्हा आज कोर्टापुढं नाही, असं सांगून साहेबांनी हमी मागं बसलेल्या दोघा भावांच्या म्हाताऱ्या आईकडून घेतली. धाकटा सुटला, थोरल्याला कुणी काही विचारलं नाही. अजूनही दोघं भाऊ बांधावर बोलत उभे दिसले की मी हातातलं काम टाकून तिकडं जाते.