इंजिन बसवताना सापडलेला फोटो

नवरा गेला तेव्हा गाडीचं इंजिन खोलून पडलेलं होतं. तीन सिलिंडरची जुनी पेट्रोल गाडी, मंठ्याच्या आमच्या घराच्या पोर्चमध्ये बॉनेट उघडून दीड वर्ष उभी होती. इंजिनाचे भाग मागच्या खोलीत घमेल्यांत नि बिस्किटांच्या डब्यांत ठेवलेले. स्वतःच्या हातानं सगळं इंजिन पुन्हा जोडायचं हा त्याचा हट्ट. जुन्या गाड्यांच्या शौकिनांचा व्हॉट्सॲपवर एक ग्रुप होता, त्यात शे-दीडशे माणसं. तिथं विचारत विचारत तो काम करायचा. मग एका सकाळी आंघोळीला गेला आणि दारातच कोसळला.

सासूबाईंना मी आत्याबाई म्हणते. त्यांनी मला त्या वर्षी सांभाळलं. दहाव्याला नातेवाईक बाया माझ्या बांगड्यांकडे बघायला लागल्या तेव्हा त्यांनी सरळ सांगितलं, की माझ्या लेकीच्या हाताला कुणी हात लावायचा न्हाई. लग्नाला चौदा वर्षं होऊन घरात मूल नव्हतं, त्यावरूनही त्यांनी मला कधी बोल लावला नाही. त्यांनी एकच गोष्ट मागितली. वर्षश्राद्धाच्या आधी लेकाची गाडी एकदा सुरू झालेली ऐकायची होती.

मी शाळेत विज्ञान शिकवते. पिस्टनची आकृती फळ्यावर कितीदा काढली असेल, पण हातात पिस्टन घेतला तो नवऱ्याला भाग रॉकेलमध्ये धुऊन देताना तेवढाच. गॅरेजवाल्यांनी गाडी बघितली आणि भंगारात द्या म्हणाले. मग मी नवऱ्याच्या फोनवरून ग्रुपवर लिहिलं, की मी त्यांची पत्नी, इंजिन जोडायचं आहे, मदत कराल का. हात जोडलेल्या चिन्हांची रांग लागली.

सगळ्यात जास्त मदत केली टेंभुर्णीच्या एका निवृत्त मिस्त्रींनी. ते लिहीत नसत, आवाज पाठवत. संथ, समजुतीचा आवाज. पिस्टनच्या रिंगांची तोंडं एका रेषेत येऊ द्यायची नाहीत. ज्या रॉडची टोपी त्याच रॉडला, अदलाबदल झाली तर क्रँक गेला समजा. बोल्ट आधी हातानं फिरला पाहिजे, पाना नंतर. दर रविवारी मी पोर्चमध्ये सतरंजी टाकून बसायची, आत्याबाई शेजारी बसून एकेक नट फडक्यानं पुसून द्यायच्या. ‘हे बी त्यानं हातात धरलं असंल’ म्हणायच्या.

क्रँक बसला, पिस्टन बसले. वरचं हेड चढवताना चाकांवरच्या टायमिंगच्या खुणा कुठं जुळवायच्या ते कळेना. मिस्त्री म्हणाले, तुमच्या मिस्टरांनी खोलताना फोटो टाकले होते, ग्रुपवर वर जाऊन बघा. मी वर गेले. खुणांचा फोटो सापडला, आणि त्याच्या थोडा खाली माझा.

मागच्या अंगणात मी उकिडवी बसून भाग धुतेय, साडी खोचलेली, फोटो पाठीमागून काढलेला. तो दिवस मला आठवत होता. फोनचा खटकन आवाज झाला म्हणून मी वळून विचारलं होतं, तर तो म्हणाला, पार्टचा फोटो काढतोय, ग्रुपवर दाखवायचाय. मला बरं वाटलं होतं, आपण धुतलेले भाग दाखवण्याजोगे चकचकीत झालेत म्हणून. फोटोखाली त्यानं लिहिलं होतं: ‘आमची म्हैस पार्ट धुऊन राह्यली. दूध न्हाई, रेडकू न्हाई, एवढं तरी करावं.’ खाली हसणाऱ्या तोंडांची रांग. टेंभुर्णीच्या मिस्त्रींनी त्या दिवशी आवाज न पाठवता लिहिलं होतं: ‘मंग बाजार दाखवा की तिला.’

मी फोन ठेवला आणि हेड बसवलं. बोल्ट मधल्यापासून कडेकडे, तीन फेऱ्यांत आवळले, मिस्त्रींनी सांगितलं होतं तसेच. पुढचे दोन महिने त्यांना मी रोज भाऊ म्हणूनच विचारत राहिले. त्यांचा आवाज ऐकल्यावर हात स्थिर व्हायचा. त्याचाच मला जास्त राग यायचा.

चेन-पुलीवाल्याला बोलावून इंजिन गाडीत उतरवलं. पहिल्या दिवशी ते सुरू झालं, पण खोकल्यासारखं करून धक्के मारत होतं. व्हिडिओ बघून मिस्त्री म्हणाले, ठिणगीचं टायमिंग जरा हललंय, मी स्वतः येतो. दोन बस बदलून ते रविवारी सकाळी आले. साठीच्या पुढचा, स्वच्छ पांढऱ्या कपड्यांतला माणूस. आत्याबाईंनी पहाटे उठून स्वयंपाक केला होता. मिस्त्रींनी वाकून ठिणगी वाटणारा डिस्ट्रिब्युटर केसभर फिरवला आणि इंजिन एकदम शांत, एका लयीत चालायला लागलं. आत्याबाईंनी बॉनेटला हळदकुंकू लावलं, पदर डोळ्याला लावला. मिस्त्री हात पुसत म्हणाले, ‘वहिनी, भाऊ नशीबवान. अशी बाई मिळायला भाग्य लागतं.’

तिथं मी थांबू शकले असते. मी आत गेले, फोन आणला, तो फोटो उघडून त्यांच्या हातात दिला.

‘भाऊ, एवढं वाचून दाखवा.’

त्यांनी बघितलं. चेहरा उतरला. जुनी मजाक आहे, जाऊ द्या, असं काहीतरी पुटपुटले. मी म्हणाले, इंजिन चालू आहे, ऐकू येत नाही, मोठ्यानं वाचा.

आत्याबाईंना अक्षर येत नाही. त्या उत्सुकतेनं जवळ सरकल्या. ‘माझ्या लेकानं लिव्हलंय का? वाचा की मंग.’

ते माझ्याकडे बघत राहिले. मी नजर हटवली नाही. शेवटी त्यांनी वाचलं. मी म्हणाले, खालचं तुमचंही वाचा. त्यांनी तेही वाचलं. आवाज तोच होता, संथ.

आत्याबाईंनी मला विचारलं, ‘म्हैस म्हंजी तू?’

मी हो म्हणाले. त्या आत गेल्या. मिस्त्रींनी हत्यारं पिशवीत भरली आणि न जेवता, मान खाली घालून निघून गेले. त्यांचा अपमान झाला याचं मला समाधान वाटलं, हे मी लपवणार नाही. संध्याकाळपर्यंत ते समाधान टिकलं. मग स्वयंपाकघरात गेले तर सगळा स्वयंपाक झाकून तसाच ठेवलेला आणि आत्याबाई भिंतीला टेकून बसलेल्या. त्या रडत नव्हत्या. मी जेवायला उठवलं तर म्हणाल्या, भूक न्हाई.

वर्षश्राद्धाला त्या बाहेर आल्या नाहीत. गुडघे दुखतात म्हणाल्या. लेकाचं नाव त्यांच्या तोंडून पुन्हा निघालं नाही. शेजारची बाई त्याची आठवण काढायला लागली की त्या उठून दुसऱ्या कामाला लागायच्या. महिन्याभरानं जाफराबादची नणंद येऊन त्यांना घेऊन गेली. चार दिवसांसाठी म्हणून, पण गाठोड्यात सगळी लुगडी होती.

निघताना दारात त्या थांबल्या. नणंद रिक्षात सामान ठेवत होती.

‘त्यो तर मेला व्हता,’ त्या म्हणाल्या. ‘मला कशाला ऐकवलंस?’

मी खरं तेच सांगितलं, की मला एकटीला ते सहन होत नव्हतं.

‘मंग मला व्हईल, असं वाटलं तुला?’

त्या रिक्षात बसल्या. मी वाकून नमस्कार केला तेव्हा त्यांनी पाय मागं घेतले नाहीत, पण डोक्यावर हातही ठेवला नाही.